गोळी न झाडल्याचे प्रकरण

शुक्रवार, ९ सप्टेंबर

मी, मिफलिह बिन सालिम, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत, वाळवंट पोलीस दलातून हवालदार म्हणून सन्मानाने निवृत्त, जमातीतील तंट्यांत ज्याचा शब्द अखेरचा मानला जातो असा, राहणार करकच्या दक्षिणेस, स्वतःच्या हस्ताक्षरात नमूद करतो की आज माझ्या नातीला, माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एका अनोळखी इसमाने "जा, भांडी घास" असे म्हटले.

इसम घरात नव्हता. संगणकात होता. त्याने माझा संताप कमी होत नाही!

घडले ते असे. माझा मुलगा नायफ याची मुलगी जुमाना बंदुकांचा एक खेळ खेळते. पाच जण एका बाजूस, पाच दुसऱ्या. एक बाजू गोदाम राखते, दुसरी ते उडवावयास येते. खेळणारे देशभर विखुरलेले, आपापल्या घरी, कानांवर हेडफोन आणि तोंडाशी माइक लावून बसलेले. मुलीने परक्या पुरुषांशी बोलावयाचे तर घरातले वडीलधारे माणूस खोलीत हवे, ही नायफची अट. ते माणूस मी. भिंतीला टेकून जपमाळ ओढतो, लक्ष नसल्यासारखे दाखवतो. आज हेडफोनची तार निसटली आणि सारे खोलीभर ऐकू आले.

मी माइक हिसकावून घेतला. त्या इसमास त्याचे नाव, बापाचे नाव आणि जमात विचारली. तो हसला आणि नाहीसा झाला.

जुमानाने तार पुन्हा बसवली. म्हणाली, "आजोबा, हे रोजचंच आहे. तुमच्या कानावर आज पडलं, एवढंच."

रोजचे! आणि मी तेथेच, तिच्या पाठीमागे, बसलेलो होतो.

शनिवार, १० सप्टेंबर

झोप आली नाही. सकाळी हा प्रकार पत्नीस सांगितला. उम्म नायफ, म्हणजे नायफची आई, पीठ मळत होती. ती म्हणाली की त्या पोराला धरून आणायला जीप पाठवणार की उंट, तेवढे सांगा, म्हणजे त्याप्रमाणे भाकऱ्या करते.

या घरात माझ्या संतापाचे मोल राहिलेले नाही.

मंगळवार, १३ सप्टेंबर

जुमानाच्या संघातला पाचवा गडी बापाबरोबर कुवेतला निघून गेला. प्रादेशिक स्पर्धेसाठी पाच नावे द्यावी लागतात. चार चालत नाहीत. तिने ओळखीच्या सर्वांना विचारून पाहिले. कोणी मोकळे नाही, आणि जे मोकळे आहेत त्यांना मुलीच्या हाताखाली खेळावयाचे नाही.

याचा अर्थ काय, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. नायफने उन्हाळ्यातच बजावले आहे. या स्पर्धेतून अम्मानच्या अंतिम फेरीसाठी निवड झाली, तर खेळ चालू. न झाली, तर संगणक अकाबाला काकाच्या घरी, आणि जुमानाने पुन्हा विषय काढायचा नाही. तो करकमध्ये राहतो, पण संगणक आणि जुमाना दोन्ही उन्हाळ्यापासून माझ्या घरी आहेत, कारण स्वतःच्या घरी त्याला तो आवाज सहन होत नाही. मला होतो, असे त्याने गृहीत धरले!

ती कपाळ धरून बसली होती. मी म्हणालो, पाचवा मी.

तिला वाटले मी थट्टा करतो. मी कधी थट्टा केली आहे? खोलीत बसलेला राखणदार कुचकामी, हे मला शुक्रवारी कळले. राखणदार वेशीवर हवा.

संघातला हुसाम नावाचा मुलगा अकाबाहून माइकवर म्हणाला, "हाजी, इथे पळावं लागतं. गुडघे आहेत ना सोबत?"

मी त्याला सांगितले की तुझा बाप पाळण्यात असताना मी सीमेवर चोरट्यांच्या मागे उंट पळवीत होतो. तो म्हणाला, मग उंटच नोंदवूया, नियमात कुठे मनाई नाही.

उद्धट! नोंद मात्र झाली. माझ्यासाठी शेजाऱ्यांचा जुना संगणक उसना आणून जुमानाच्या संगणकाशेजारी मांडला. नाव लिहिण्याच्या चौकटीत माझे नाव मावले नाही. "मिफलिह बिन सालि" एवढेच राहिले. माझ्या बापाचे नाव एका यंत्राने तोडले आणि जाब विचारावयास कोणी समोर नाही.

बुधवार, १४ सप्टेंबर

मेलो. उठलो. मेलो.

रविवार, १८ सप्टेंबर

पाच दिवस शिकतो आहे. उजव्या हाताने नजर फिरवावयाची, डाव्याने पाय. माझे पाय भिंतीत जातात आणि नजर आभाळात. जुमाना शेजारी उभी राहून माझे मनगट धरते, मी लहानपणी तिच्या हातात लगाम धरून दिला होता तसे, फक्त ती जास्त ओरडते.

आज एकाने मला पाठीत गोळी घातली. ठीक आहे, युद्ध आहे. परंतु नंतर तो माझ्या प्रेतावर उठाबशा काढू लागला! मी विचारले, हा काय प्रकार? जुमाना म्हणाली, चिडवतात असे. आवाजावरून तो पोरगा बारा वर्षांहून मोठा नसावा. शत्रूच्या प्रेताला पाठ दाखवून नाचणाऱ्यांना आम्ही पूर्वी पंक्तीला बसवीत नसू.

नवख्या संघाचा दर्जा ठरवण्यासाठी आधी काही सामने खेळावे लागतात. ते झाले. यंत्राने आम्हांस सर्वांत खालचा दर्जा दिला. त्या दर्जाचे नाव लोखंड.

मला लोखंड! ज्याच्या छातीवर दलाच्या सरसेनापतींनी स्वहस्ते पदक लावले त्याला!

गुरुवार, २२ सप्टेंबर

आज नमूद करण्याजोगे घडले.

गोदामाच्या वरच्या मजल्यावर एक खिडकी आहे. तिच्यातून अंगण दिसते. जुमानाने मला लांब नळीची बंदूक दिली आणि म्हणाली, "आजोबा, इथे बसा. हलू नका. दिसला की झाडा."

बसणे आणि वाट पाहणे. हे मला कोणी शिकवावयास नको. हल्लीच्या पोरांना गप्प राहता येत नाही. कोपऱ्यात उभे केले की चुळबुळतात, डोके बाहेर काढतात, मरतात. मी काढले नाही. ते आले. मी झाडली. पुन्हा आले. पुन्हा झाडली.

हुसामने माझे बळी मोजले. मग म्हणाला, "हाजी, जिवंत आहात ना? की झोपेतच मारताय?"

सामना जिंकलो. पहिला!

गुरुवार, २९ सप्टेंबर

प्रत्येक सामन्याआधी मी समोरच्यांना सलाम करतो आणि कोण कोणाचा ते विचारतो. ज्याच्यावर गोळी झाडावयाची त्याचा बाप माहीत असावा. हुसामला हे मान्य नाही. तो म्हणतो की वेळ जातो, आणि लोक आपल्याला लग्नाची बोलणी करायला आलेले समजतात. पण मी पाहतो आहे, जो आपले कुळ सांगून बसला त्याच्या तोंडून मग घाण निघत नाही. आज एकाने जुमानाला काही म्हणावयास तोंड उघडले, तेव्हा त्याच्याच संघातला एक जण म्हणाला, "गप रे, खिडकीवाला हाजी आहे त्यांच्यात. बापाला फोन करेल."

लोखंड सुटले. आता आम्ही कांस्य आहोत. या नावांवर मी बोलणार नाही.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

आजचा दिवस संतापात गेला.

तिने मला खिडकी सोडून जिन्यावर यावयास सांगितले. मी गेलो नाही. खिडकीतून एक दिसत होता आणि त्याला मी टिपलाही. परंतु जिन्याने दुसरे दोघे वर आले आणि फेरी गेली. खेळ संपल्यावर तिने माइक बंद केला, म्हणजे इतरांना ऐकू जाऊ नये. एवढी लाज तिने राखली.

"आजोबा, घरात तुम्ही म्हणाल ते. मैदानात कॅप्टन मी आहे."

मी म्हणालो, मी तुझ्या बापाचा बाप आहे.

"हो. आणि जिना मोकळा होता."

माझ्या हाताखाली चाळीस जवान होते. त्यांतल्या एकाने कधी असा आवाज चढवला नाही. उम्म नायफने दाराआडून ऐकले आणि ती हसली, हेही येथे नोंदवतो.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

जिन्यावर गेलो. जिंकलो. उद्याच्या सामन्यात जो संघ जिंकेल तो अम्मानला जाईल.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

क्रमाने लिहितो.

समोरचा संघ तफीलाच्या बाजूचा. मी सलाम करून कुळे विचारली. त्यांच्यातला एक म्हणाला, मी दघश, शेख जदआन यांचा नातू. जदआन! ज्याच्या ताटातले मीठ मी खाल्ले आहे, ज्याच्याबरोबर बसून दोन खुनांची प्रकरणे मिटवली आहेत. मी त्या मुलास सांगितले की तुझ्या आजोबांना माझा सलाम दे. तो म्हणाला, देईन. आवाज चांगला होता. कुलीन.

सामना अखेरच्या फेरीपर्यंत बरोबरीत आला. आमचे चौघे पडले, जुमानासुद्धा. त्यांचेही चौघे पडले. मी खिडकीत. दघश अंगणात, पाठीवर सुरुंग, बंदुकीतल्या गोळ्या संपलेल्या. माझ्या बंदुकीचा काटा त्याच्या छातीवर होता. फक्त बोट दाबावयाचे होते.

तेव्हा तो सर्वांना ऐकू जाईल असा बोलला, "शेख मिफलिह, मी तुमच्या मुखाच्या आसऱ्याला आलो."

पूर्ण वाक्य. जसे उच्चारावयाचे असते तसे.

माझे बोट उचलले गेले. मी उचलले असे म्हणता येणार नाही. हे शब्द कानी पडल्यावर माझ्या बापाने आपल्या सख्ख्या भावाच्या मारेकऱ्याला तंबूत घेतले, तीन दिवस जेवू घातले आणि सुखरूप पोचवले. हे शब्द उच्चारणाऱ्यावर जो हात टाकतो त्याचे मुख, म्हणजे त्याची इभ्रत, कायमचे काळे होते, आणि त्याच्या मुलाबाळांचेही.

जुमाना म्हणाली, "आजोबा, झाडा."

मी म्हणालो, "तो आसऱ्याला आला आहे."

"आजोबा, झाडा. मी सांगते ना, झाडा."

त्याने तेवढ्यात बंदुकीत गोळ्या भरल्या. माझ्याकडे वळला. मला गोळी घातली. सुरुंग लावला. गोदाम उडाले.

"अल्लाह आयुष्य देवो, हाजी," तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूचे सगळे हसले.

हुसाम शिव्या देत होता, कोणास ते मी विचारले नाही. जुमानाने हेडफोन काढले, तार ओढून घेतली आणि मनगटाभोवती व्यवस्थित गुंडाळू लागली, सामान बांधतात तशी.

शनिवार, ८ ऑक्टोबर

नायफचा फोन आला. पुढच्या शनिवारी येऊन संगणक नेतो म्हणाला. मी त्याला सांगितले की सामना हरलेला नाही, सामन्यात गुन्हा घडला आहे. तो म्हणाला, "बाबा, गेम आहे तो."

गेम! आसऱ्याचा शब्द कशात उच्चारला याने त्याचे वजन बदलते? लग्नात उच्चारला तर हलका, दरोड्यात उच्चारला तर जड? ज्याने तो फसवणुकीसाठी वापरला त्याने माझे मुख तोडले. माझे एकट्याचे नव्हे. यापुढे खरोखर आसऱ्याला येणाऱ्या प्रत्येकाकडे माणूस संशयाने पाहील!

शेख जदआनला फोन केला. सर्व सांगितले. त्याला खेळ कळला नाही, पण शब्द कळले. ते शब्द त्याने मला पुन्हा उच्चारावयास लावले. मग म्हणाला, "माझ्या घरातल्याने असं केलं?" आणि फोन ठेवला.

सोमवार, १० ऑक्टोबर

जुमाना माझ्याशी बोलत नाही. चहा आणून ठेवते. चहाशीही बोलत नाही.

मी तिच्या अपमानासाठी मैदानात उतरलो, तिच्यासाठी म्हातारपणी मेलो, आणि ती माझ्यावर रागावलेली. त्या पोरावर नव्हे, माझ्यावर!

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

आज ते आले. चार मोटारी, जदआनच्या जमातीचे वडील, सर्वांच्या अंगावर सणाचे अंगरखे. बैठकीत बसले. कॉफी दिली. प्रथेप्रमाणे सर्वांनी पेले समोर जमिनीवर ठेवले, एकानेही ओठांना लावला नाही. दघश दाराशी उभा होता. विशीचा, सडपातळ, पायांकडे पाहणारा.

जदआन म्हणाला, "अबू नायफ, आमच्या पोराने तुमचं मुख तोडलं. कॉफी तुमच्या शब्दासाठी थांबली आहे. हक्क मागा."

मी मागितला. कमी मागितला नाही. तीन बैठकींत त्याने उभे राहून दोष कबूल करावा, घरावर पांढरे निशाण लावावे, वर्षभर आमच्या पाणवठ्यावर पाऊल ठेवू नये. मग रीतीप्रमाणे अल्लाहसाठी एक सोडले, पाहुण्यांसाठी एक सोडले, जदआनच्या मिठासाठी तिसरे सोडले. चौथे तेवढे राखून ठेवले, की त्याने माझ्या नातीपुढे चूक कबूल करावी, कारण अम्मान तिचे गेले.

पुरुषांच्या बैठकीत जुमानाला बोलावले. कोणी हरकत घेतली नाही. घेतली असती तर मी पाहून घेतले असते.

दघश म्हणाला, "बहिणी, चूक झाली. मॅच जिंकायचीच होती मला. बाकी काही सुचलं नाही."

"तू खेळलास," ती म्हणाली. "तुझ्याशी माझं भांडण नाही."

एवढे बोलून ती जाईल असे मला वाटले. ती गेली नाही. माझ्याकडे वळली.

"आजोबा, कायद्याचं एक विचारू? कोणाच्या तंबूत पाहुणा बसलाय. तंबूच्या मालकाचा शत्रू त्या पाहुण्याकडे आसरा मागतो. पाहुणा मालकाला न विचारता देतो. तो आसरा चालतो का?"

बैठकीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

उत्तर मला पाठ आहे. मी स्वतः असे निवाडे दिले आहेत. परक्या तंबूत दिलेला आसरा पोकळ, आणि तो देणारा तंबूच्या मालकाचा देणेकरी.

मी म्हणालो, ही बैठक त्या प्रश्नासाठी बोलावलेली नाही.

"टीम माझी होती," ती म्हणाली. "मी 'झाडा' म्हणत होते. तुम्ही अनोळखी माणसाला एका श्वासात तुमचं मुख दिलंत, आजोबा. बाबांनी मला अट घातली तेव्हापासून मी याच घरात आहे. मला नाही दिलंत."

आणि गेली.

जदआन आपल्या पेल्यात पाहत होता. मान वर न करता म्हणाला, "मुलगी कायदा बोलते, अबू नायफ."

मी हाताने खूण केली. सर्वांनी कॉफी प्यायली. गार झालेली होती. मेजवानी झाली, भातावर मांस होते, लोक चांगले जेवले. मी काय जेवलो ते आठवत नाही. माझ्याच बैठकीत, माझ्याच कायद्याने! चौदा जमातींनी ज्याचा निवाडा मानला त्याला एकोणीस वर्षांच्या पोरीने उभ्या उभ्या दोषी ठरवले, आणि सगळ्यांत चीड याची, की मी तिच्या जागी असतो तर हाच प्रश्न विचारला असता.

जदआनचे गुडघे प्रवासाने आखडले. तो आणि दघश मुक्कामाला राहिले आहेत.

शनिवार, १५ ऑक्टोबर

सकाळी नायफ आला. मोटार दाराशी उभी केली, संगणक उचलला आणि बैठकीतून बाहेर निघाला. जुमाना आतून आली, माझ्यापुढे बसली, माझ्या अंगरख्याचा काठ मुठीत धरला आणि म्हणाली, "शेख मिफलिह, मी तुमच्या मुखाच्या आसऱ्याला आले. बाबांपासून. मला खेळायचं आहे. आणि टीममध्ये तुम्ही नसणार."

शब्द पूर्ण होते. तंबू माझा होता. मी आसरा दिला. नायफला सांगितले की जोवर मी जिवंत आहे तोवर हिच्या खेळावर जो हात टाकील तो माझ्या मुखावर टाकील, मग तो माझ्या पोटचा का असेना.

हजर साक्षीदार: शेख जदआन, तफीला. त्यांचा नातू दघश. उम्म नायफ, दाराआडून. आणि नायफ बिन मिफलिह, उंबऱ्यावर, दोन्ही हातांत संगणक धरून.